वकील, हेजीब, जासूद, हेर: कोणाला काय म्हणायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पेशवाईच्या उत्तरार्धावर कादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्यात पुणे दरबाराचा एक माणूस हैदराबादला राहतो. तो निजामाशी उघड बोलणी करतो आणि आतल्या बातम्याही पाठवतो. दुसरा माणूस त्याची पत्रे पुण्याला पोचवतो. तिसरा निजामाच्या वाड्यातला नोकर. पैसे घेऊन खबर देतो. पहिल्याला ‘राजदूत’ आणि उरलेल्या दोघांना ‘गुप्तहेर’ म्हटले तर चालेल का? आणि हेजीब, दूत, हरकारा, हस्तक, प्रतिनिधी हे बाकीचे शब्द कुठे वापरायचे?

नाही चालणार. तिघांतला एकही त्या शब्दात बसत नाही. माझे बरेचसे आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेले, आणि अलीकडे ऐतिहासिक कादंबऱ्या नि मालिकांच्या संहिता तपासायला येतात. त्यांत भाषेच्या ज्या चुका हमखास सापडतात, त्यांत या शब्दांचा नंबर फार वरचा आहे. जो तो ‘गुप्तहेर’ असतो. मुळात ‘हेर’ या शब्दातच लपणे आले. उघड हेर कोणी पाहिला आहे? पण ‘गुप्तहेर’ म्हटले की पात्र लगेच काळी घोंगडी पांघरून झुडपात बसते आणि लेखकाला वाटते, काम झाले.

शब्द निवडण्याआधी तुमच्या पात्राला तीन गोष्टी विचारा. तू आलास हे समोरच्याला माहीत आहे का? धन्याच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार तुला आहे का? आणि तुझ्याकडचा कागद तू लिहिलास की नुसता वाहून आणलास? यांची उत्तरे मिळाली की शब्द आपोआप मिळतो. त्या माणसाने चोरून बातमी काढली की नाही, हा प्रश्न यात नाही, कारण बातमी सगळेच काढत. वकील काढी, त्याचा कारकून काढी, सावकाराचा गुमास्ता काढी, यात्रेहून परत आलेला भिक्षुकही काढी.

आता वकील. आज वकील म्हटले की काळा कोट दिसतो. पेशवाईच्या कागदांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला अधिकृत माणूस. मूळ अरबी अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपवले तो’ एवढाच. राज्याचे काम सोपवले तर तो दरबारातला वकील, खटल्याचे सोपवले तर कोर्टातला. इंग्रजी अदालती आल्यावर दुसरा अर्थ वाढत गेला आणि पहिला मागे पडला. पूर्ण गेला मात्र नाही. परदेशी सरकारच्या कचेरीला आपण अजूनही ‘वकिलात’ म्हणतो. तिथे बसतो तो राजदूत, आणि कचेरी मात्र वकिलात! मराठीने ही गंमत इतक्या सहज पचवली आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही.

पेशव्यांचे दिल्लीतले वकील म्हणजे हिंगणे. घराणे मूळचे नाशिकचे, उपाध्येपणाचे. बाळाजी विश्वनाथ 1719 मध्ये दिल्लीला जाऊन आले, त्या सुमारास महादेव भट हिंगण्यांनी तिथे बस्तान बसवले आणि त्यांच्यामागे मुलांनी ते काम चालवले. म्हणजे ही नेमणूक दोन-तीन वर्षांची बदली नव्हती. वकील त्या शहरात घर करी, सावकारी पेढ्यांशी संबंध जोडी, तिथल्या अमीर-उमरावांच्या लग्नकार्यात जाई, कर्जे काढी आणि ती फेडण्यासाठी धन्याला काकुळतीची पत्रे लिही. हैदराबादेत गोविंदराव काळे होते. तुमच्या कादंबरीचा काळ त्यांचाच दिसतो, त्यामुळे त्यांची छापील पत्रे आधी वाचा. 1793 मधले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे, अटकेपासून दक्षिण समुद्रापर्यंतच्या मुलुखाबद्दलचे. वकिलाची पत्रे म्हणजे रुक्ष अहवाल, असा कोणाचा समज असेल तर तो हे पत्र वाचून जाईल.

अशा पत्रांचा साचा ओळखीचा झाला की संवाद लिहायला फार मदत होते. सुरुवातीला ‘विज्ञापना ऐसीजे’, मग स्वामींचे पत्र पावले, त्यातला मजकूर कळला, त्याप्रमाणे नबाबांशी बोलणे झाले. ते असे म्हणाले, त्यावर सेवकाने असे उत्तर केले. हे ‘बोलणे झाले’ म्हणजे वकिलाचे उघड काम. त्यानंतर ‘इकडील वर्तमान’ सुरू होते. फौज किती जमली, कोणाचा पगार थकला, कोणत्या सरदाराचे दिवाणाशी बिनसले, फिरंगी पलटणींचा तळ कुठे पडला, बेगमेची प्रकृती कशी आहे. कागद तोच, लिहिणारा हात तोच. वरचा अर्धा भाग आज ज्याला आपण राजनय म्हणतो तो, आणि खालचा अर्धा हेरगिरी. समोरच्या दरबारालाही हे ठाऊक असे. वकील बातम्या पाठवतो म्हणून कोणी त्याला हाकलत नसे; फार झाले तर त्याची पत्रे वाटेत धरली जात.

म्हणून तुमचा पहिला माणूस नि:संशय वकील. मुख्य वकील खराखुरा ऐतिहासिक असल्यामुळे तुमच्या कल्पित पात्राला त्यांच्या दिमतीचा कारकून करा. त्याने बातमी काढली तरी तो हेर ठरत नाही. त्याचे नाव दरबाराला माहीत आहे, त्याला वस्त्रे मिळाली आहेत, मेजवानीला बोलावणे येते. जायची वेळ आली की निरोपाचे विडे मिळतील. ‘राजदूत’ हा शब्द त्या काळच्या तोंडी नको. तो आजच्या परराष्ट्र खात्याचा आहे. निवेदकाने वापरला तर एक वेळ चालेल, पात्राने नाही.

वकील शब्दाचा एक सापळाही सांगून ठेवतो. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळवले आणि स्वतः त्यांचे नायब झाले. इथे वकील म्हणजे दूतही नव्हे आणि कायदेपंडितही नव्हे. बादशहाच्या वतीने सगळा कारभार पाहणारा सर्वाधिकारी, असा त्याचा अर्थ. एका संहितेत हे पद ‘मुख्य राजदूत’ झालेले मी पाहिले आहे. पाटीलबाबांना, म्हणजे महादजींना, कळते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

मग हेजीब? काम तेच, काळ वेगळा. हाजिब म्हणजे मुळात दरवाजावरचा, राजाची भेट घडवून आणणारा अधिकारी. दख्खनी सुलतान्यांच्या वापरात तो एका दरबाराकडून दुसऱ्याकडे जाणारा माणूस झाला आणि तिथून मराठीत आला. शिवकाळावर लिहिताना ‘हेजीब’ शोभतो. नाना फडणिसांच्या तोंडी तो जुना वाटेल. अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला तो हेजीब म्हणून. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत महाराजांचे हेजीब होते प्रल्हाद निराजी. हे नाव लक्षात ठेवा, कारण तुमच्या यादीतला आणखी एक शब्द त्यांच्यापाशी येऊन मिळतो. पुढे जिंजीला राजाराम महाराजांनी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निर्माण केले, आणि त्यावर पहिले बसले ते हेच. हेजीब परक्या दरबारात धन्याची बाजू मांडतो. प्रतिनिधी स्वतःच्याच राज्यात धन्याच्या जागी उभा राहतो, त्याच्या नावाने हुकूम काढतो. म्हणून अठराव्या शतकातल्या कथेत ‘पेशव्यांचे प्रतिनिधी निजामाला भेटले’ असे लिहिले की जाणकार वाचक थबकतो. त्याला वाटते, औंधचे पंतप्रतिनिधी इथे कशाला आले? आज लोकप्रतिनिधी, विमा प्रतिनिधी, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असा तो शब्द गल्लोगल्ली झाला आहे, पण तेव्हा ते अष्टप्रधानांच्या वरचे पद होते.

वकील आणि हेर यांच्यामधली रेघ किती पुसट होती, हे पाहायचे तर 1659 मधले प्रतापगडाचे प्रकरण पुरते. खानाचा हेजीब येऊन गेल्यावर महाराजांनी आपल्याकडून पंताजी गोपीनाथांना खानाच्या छावणीत पाठवले. उघड काम एवढेच की महाराज भ्यालेले आहेत, खानाने जावळीत यावे, अभयाचे वचन द्यावे, हे बोलणे पक्के करायचे. सभासदाची बखर पुढे सांगते की पंताजीपंतांनी त्या लष्करातल्या मुत्सद्द्यांना द्रव्य देऊन खानाच्या मनातले काढून घेतले आणि परत येऊन महाराजांना सावध केले. म्हणजे तोच माणूस, त्याच फेरीत, खानासमोर आर्जवे करतो आहे आणि खानाच्या कारकुनांच्या हातावर पैसे ठेवतो आहे. याला हेर म्हणाल? बखर म्हणत नाही. ते वकिलीचेच काम समजले जाई. अशा पैशाला पुढे पेशवाईत फार सभ्य नावे पडली: ‘दरबारखर्च’, ‘अंतस्थ’. हिशेबात ‘अंतस्थ’ म्हणून रक्कम दिसली की ती कोणाच्या तरी कनवटीला गेलेली असते. तुमच्या तिसऱ्या माणसाला मिळणारे पैसे याच सदरात पडतील. हा शब्द जरूर वापरा.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर महाराजांचा तळ पडला असताना, किल्ल्यात दडून बसलेल्या इनायतखानाने बोलणी करायला म्हणून एक तरुण पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. पहाऱ्यावरच्या माणसाने त्याचा हात तोडला. सुरतेतल्या इंग्रजांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. वकिलाचा वेश आणि मारेकऱ्याचे काम. कौटिल्याने असल्या माणसासाठी ‘तीक्ष्ण’ असा शब्द योजला आहे: जिवावर उदार होऊन घाव घालणारा. मात्र तो त्याने हेरांच्या वर्गात ठेवला आहे, दूतांच्या नाही.

कौटिल्याचे नाव निघालेच आहे तर ते लवकर उरकतो. अर्थशास्त्रात दूतांचे तीन प्रकार आहेत. निसृष्टार्थ म्हणजे पूर्ण अधिकाराचा, परिमितार्थ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत बोलणारा, आणि शासनहर म्हणजे नुसते पत्र नेणारा. आमचे बहुतेक वकील मधल्या वर्गातले. कठीण प्रश्न आला की ‘स्वामींची आज्ञा आणवितो’ म्हणून आठ-पंधरा दिवस काढायचे. हेरांची यादी तर त्याहून लांब आहे. तापसाच्या वेशातले, व्यापाऱ्याच्या वेशातले, भिक्षुणी, विष घालणारे. त्यातला ‘उभयवेतन’ हा शब्द मला फार आवडतो. दोन्हीकडून पगार खाणारा! आजच्या लेखनात त्यासाठी ‘दुहेरी हेर’ लिहितात, त्यापेक्षा हा किती नेमका आहे. पण पेशवाईतल्या पात्राच्या तोंडी तो घालू नका. शेकडो वर्षे गडप झालेला हा ग्रंथ 1905 मध्ये म्हैसूरला हाती लागला आणि 1909 मध्ये छापला गेला. नाना फडणीस कौटिल्याचे सूत्र म्हणताना दाखवले की मला हसू येते. त्यांना दूत माहीत होते ते रामायण-महाभारतातले. अंगदशिष्टाई, कृष्णशिष्टाई. ‘शिष्टाई’ हा शब्द मात्र तुमच्या कादंबरीत हवाच. ‘मध्यस्थी’पेक्षा तो मराठी कानाला जवळचा आहे आणि ‘शिष्टाई फिसकटली’ म्हटले की पुढे युद्ध येणार हे वाचकाला न सांगता कळते.

आता तुमचा दुसरा माणूस, पत्रे नेणारा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. त्याला म्हणायचे ‘जासूद’. शब्द अरबी ‘जासूस’पासून आला, त्यामुळे हिंदी सिनेमे पाहिलेल्या वाचकाला जासूद म्हणजे हेरच वाटतो. शिवकाळात त्याला तो अर्थ होताही. सभासद बहिर्जीला जासुदांचा नाईक म्हणतो, आडनाव जाधव देतो आणि मोठा शहाणा असे प्रशस्तिपत्रही देतो. (म्हणजे ज्याला आपण आडनावासारखे ‘बहिर्जी नाईक’ म्हणतो, त्यातले नाईक हे हुद्द्याचे आहे.) बहिर्जीच्या वेशांतराच्या, पिंगळ्याच्या आणि फकिराच्या कथा पुढच्यांनी रंगवलेल्या, जुन्या लेखनात त्याचा उल्लेख अगदी त्रोटक येतो. कादंबरीकाराला ती मुभा आहे, आनंदाने घ्यावी. पण पेशवाईत शिरलात की जासुदाचे रोजचे काम पत्रे पोचवणे हेच होते. दप्तरात हजारो ठिकाणी ‘जासूद जोडी रवाना केली’ असे येते, आणि हौशी वाचक त्याचा अर्थ ‘दोन हेर पाठवले’ असा लावतो. त्या जोडीने हेरलेले काहीच नसते. दोघे धावपटू, कमरेला लखोटा, बरोबर ठरलेला अजुरा आणि पोचण्याची ठरलेली मुदत.

जोडी अशासाठी की वाटेत एकाला ताप भरला, चोरांनी गाठले, नदीला पूर आला, तरी दुसऱ्याने पुढे जावे. महत्त्वाचे पत्र असेल तर त्याची नक्कल दुसऱ्या वाटेने दुसऱ्या जोडीबरोबर जाई. अजुरा म्हणजे या फेरीची मजुरी. त्यावरून वकील आणि जासूद यांची कुरबूर दाखवता येईल, तीही शंभर टक्के खरी वाटेल: धन्याकडून पैसा आलेला नाही, आणि जासूद म्हणतो आधीचा अजुरा चुकता झाल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. याच कामाला काशीद हाही शब्द आहे, विशेषतः सावकारी पत्रे नेणाऱ्याला. घाईचे असेल तर सांडणीस्वार. हरकारा किंवा हलकारा हा जरा सैल शब्द. तो निरोप नेई, वाट दाखवी, बातमीही आणी. शंका असेल तिथे हलकारा लिहा, फारसे चुकणार नाही.

सावकारी काशिदांना कमी लेखू नका. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना 1761 मध्ये कळली ती अशाच एका सावकारी पत्रातून: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पाठभेद आहेत, पण मतलब तोच. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. पेढीवाल्यांना युद्धाचा निकाल इतरांआधी कळणे गरजेचे असे, कारण हुंड्यांचा भाव त्यावर ठरे. त्यामुळे त्यांची बातमी पुष्कळदा दरबाराच्या आधी पोचे. तुमच्या कथेत हैदराबाद-पुणे पेढीचा एखादा गुमास्ता आणून बसवा. तो कोणाचाच हेर नाही आणि त्याला सगळे माहीत आहे. (मुंबईत दुकानाच्या परवान्याला अजून ‘गुमास्ता’ म्हणतात, हे जाता जाता.)

तिसरा माणूस राहिला, वाड्यातला नोकर. इथे मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. तुम्ही त्याला हेर म्हणता, पण त्याला कोणी पाठवलेले नाही. तो तिथलाच आहे. हेर हा बाहेरून जातो, हेरतो आणि परततो. घरातलाच बाहेर बातमी देऊ लागला तर मराठीत तो घरभेद्या. हा शिवीचा शब्द आहे, आणि तो निजामाची माणसे वापरतील. पुण्याचा वकील त्याला असे म्हणणार नाही. तो पत्रात त्याचे नावच घालणार नाही. ‘खात्रीच्या माणसापासून कळले’ एवढेच लिहील. बोलताना ‘आपला आतला माणूस’ किंवा ‘बातमीदार’ म्हणेल. बातमीदार हा शब्द आता वर्तमानपत्रवाल्यांनी नेला, पण बातमी काढणारा हाच त्याचा जुना अर्थ. ‘फितूर’ मात्र म्हणू नका. फितूर होतो तो किल्लेदार, सरदार, शिपाई. आपल्या हातातले काही घेऊन तो पलीकडे जातो, दरवाजा उघडतो, ऐन लढाईत मागे सरतो. तुमचा नोकर कुठेच जात नाही, रोजच्या रोज तिथेच पानाचे तबक धरून उभा असतो. त्याची सगळी किंमत त्यातच आहे.

‘खबऱ्या’ हा पोलिसी शब्द आहे. त्याला आजच्या ठाण्याचा वास येतो. सरकारी मराठीने हेरगिरीला ‘गुप्तवार्ता’ असे सोवळे नाव दिले आहे, आणि पोलीस ठाण्यात याच कामाच्या माणसाला नुसते ‘गोपनीयवाला’ म्हणतात. हे शब्द तुम्हाला नकोत. ‘हस्तक’ जपून वापरा. परक्याच्या हातचे बाहुले, अशी त्यात निंदा आहे, म्हणून तो नेहमी दुसऱ्याच्या माणसाला लावतात. 1817 च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंना पुणेकर एल्फिन्स्टनचा, म्हणजे पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटचा, हस्तक म्हणतील. एल्फिन्स्टन स्वतः काय म्हणाला असता? उपयोगी, विश्वासू माणूस. शब्द कोणाच्या तोंडी आहे हे ठरल्याशिवाय तो लिहूच नये.

खरे तर नामांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष दिलेत तर अर्धी अडचण सुटेल. कानोसा घेणे, सुगावा लागणे, माग काढणे, पाळत ठेवणे, टेहळणे, हेरणे, थांग लागू न देणे. यातले प्रत्येक वेगळे आहे. कानोसा घ्यायला जागचे हलावे लागत नाही. पाळत एका माणसावर असते, टेहळणी मुलुखाची. फौजेपुढे जाऊन घाटवाटा पाहून येणारा तो टेहळ्या. तो आपल्या वेशात, आपल्या हत्यारांनिशी जातो, आणि सापडला तर कैदी होतो. वेश पालटून गेलेला सापडला तर फाशी. हा फरक पुढे 1907 च्या हेग नियमांतही आला: लपूनछपून किंवा खोट्या बतावणीने माहिती काढणारा तो हेर, गणवेशात शत्रूच्या हद्दीत शिरलेला सैनिक हेर नव्हे.

वकिलाच्या जिवाला धोका नसे असे मात्र समजू नका. गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांकडून इंग्रजांच्या हमीवर पुण्याला बोलणी करायला आले आणि जुलै 1815 मध्ये पंढरपुरात, देवदर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. ठपका दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि त्याच धाग्याने पेशवाईचा शेवट जवळ ओढला गेला. पुणेकरांच्या लेखी शास्त्रीबुवा वकील होते की इंग्रजांचा माणूस, यावर तेव्हाही एकमत नव्हते. पूर्वी ते पुण्याच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रजांच्या इथल्या कचेरीच्या, चाकरीत होते, हे लोक विसरले नव्हते. खुद्द रेसिडेन्सी तरी काय होती? 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट संगमावर येऊन राहिला तो ‘इंग्रजांचा वकील’ म्हणून. त्याचा धंदा हिंगण्यांच्या किंवा काळ्यांच्या धंद्याहून वेगळा नव्हता: बोलणी, मेजवान्या, अंतस्थ, बातमीपत्रे. त्याच्यामागे पुढे फौज आली, एवढे वेगळे. गोव्याकडूनही असेच चाले. पोर्तुगीजांचे पुण्यातले वकील नारायण विठ्ठल धुमे गोव्याचेच सारस्वत. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या आधी इंग्रजांतर्फे रायगडावर बोलणी करणारा नारायण शेणवीही त्यांच्याच जातीचा. त्याला दुभाषी म्हणत. दुभाषी हाही पाठवलेल्या माणसांतलाच, आणि दोन्ही बाजूंचे सगळे ऐकणारा एकटाच. कादंबरीकार त्याला का विसरतात कळत नाही.

साहेबाच्या देशात गेलेल्या वकिलांचाही उल्लेख करतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रकरणाला ते उपयोगी पडतील असे दिसते. राघोबादादांनी पाठवलेले हणमंतराव आणि मणियार पारशी 1781 मध्ये इंग्लंडात होते. त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याची, स्वयंपाकाची लंडनात आबाळ होते आहे असे पाहून एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी जागा करून दिली. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते तर 1840 ते 1853 लंडनात राहिले. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू कंपनीच्या संचालकांपुढे मांडत राहिले, त्यासाठी कर्जबाजारी झाले. 1847 मध्ये महाराज काशीला वारले, पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तरी ते परतले नाहीत. ज्याच्या वतीने बोलायचे तो नाही, ज्या गादीसाठी बोलायचे ती नाही, आणि वकील मात्र अजून उभा आहे. परतल्यावर 1857 च्या कटात त्यांचे नाव आले, मुलगा सीतारामला देहान्ताची शिक्षा झाली, रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. वकील या शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे असतील तर ते इथे आहेत: दरबाराचा वकील म्हणून गेले आणि कायद्याच्या भाषेत तेरा वर्षे खटला लढवल्यासारखे झगडले.

शेवटी हाकांचे, कारण तुम्ही संवादांचा एक नमुनाही जोडला आहे. त्यात जासूद वकिलाला ‘सर’ म्हणत नाही हे बरे झाले, पण ‘महाशय’ म्हणतो तेही काढा. तो ‘पंत’ किंवा ‘रावसाहेब’ म्हणेल, आणि फार वेळा काहीच न म्हणता नुसता ‘जी’ करील. पंत त्याला नावाने, एकेरीत हाक मारतील. जासुदांचा नाईक असेल तर ‘नाईक’ म्हणतील आणि थोडे आदराने बोलतील, कारण जोड्या मिळणे न मिळणे त्याच्या हातात. निजामाला पुण्याची माणसे ‘नबाब’ म्हणत. पुण्याला लिहिताना पंत स्वतःला ‘सेवक’ म्हणतील, कितीही रागात असले तरी. आणि तुमच्या सातव्या प्रकरणातला तो वाड्यातला नोकर पंतांना भेटायला थेट त्यांच्या बिऱ्हाडी येतो, ते बदला. तो येणार नाही. पंतांच्या घरचा भिस्ती किंवा पानवाला त्याला बाजारात गाठेल, आणि पंतांनी त्याचे तोंडही पाहिलेले नसेल.